न खपलेल्या खेळांचा परीक्षक

आमच्या कडावच्या वाचनालयाच्या फळ्यावर दर शुक्रवारी तीन कागद असतात. भाताच्या बियाण्याची जाहिरात, लसीकरणाची सूचना आणि दत्ताराम भोईर यांनी एखाद्या परदेशी खेळाची केलेली धुलाई. पहिले दोन लोक गरजेपुरते वाचतात. तिसऱ्यासाठी डेअरीत दूध घालायला निघालेली माणसंही थांबतात आणि खेळ काय होता ते न कळताच हसत पुढे जातात.

मुलांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही समोरच्या घरातल्या मिशीवाल्या काकांबद्दल विचारलं होतं, ते हेच. आमचे दत्तारामभाऊ.

हे खेळ सोंगट्यांचे नव्हेत. चार माणसं बसतात, एकजण गोष्ट सांगतो: समोर नदी आहे, काय करता? बाकीचे कोणी योद्धा, कोणी वैद्य होऊन उत्तर देतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. कडावात हे आले कसे, म्हणाल तर भाऊ तीस वर्षं खोपोलीकडच्या एका पेपर मिलमध्ये रद्दी निवडायला होते. परदेशातून रद्दीच्या गाठी यायच्या, लगदा करायला. त्यांत कधी कधी अशा खेळांची कोरी करकरीत पुस्तकं निघत. साहेबांना विचारून भाऊंनी ती घरी आणली. "जगात कुठंच खपला नाय, की तो खेळ खोपोलीला येतो," असं ते सांगतात.

एका खेळात सगळ्यांनी बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून नदी अडवणारे परदेशी प्राणी, होऊन बंधारा बांधायचा. भाऊंनी लिहिलं, 'चौऱ्याऐंशी पाने वाचल्यावर कळते की बंधारा पावसाळ्याआधी पुरा होत नाही. लेखक ठेकेदार असावा.' दुसऱ्यात तलवार उपसायला सात फासे टाकायचे. 'तोवर शत्रू जेवून येतो.' तिसऱ्यात सगळे मौनी साधू. 'हा खेळ मी आणि माझा थोरला भाऊ बांधावरून अकरा वर्षे खेळत आहोत, तोही पुस्तकाशिवाय.' खेळाडूंना जपणाऱ्या खेळांवर त्यांचा विशेष राग. 'ज्यात मरणाची भीती नाही तो खेळ नव्हे, हळदीकुंकू.' आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एकच ओळ: 'निकाल: लगदा.'

लगदा मात्र एकाचाही झालेला नाही. सगळी पुस्तकं खाकी कव्हर घालून, डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात उभी आहेत.

अडलेला इंग्रजी शब्द घेऊन ते माझ्याकडे येतात. "वैनी, इनिशिएटिव्ह म्हंजे काय?"

"पुढाकार."

"हितं तर आधी कोन मारनार, त्याला म्हनलंय." थोडा विचार करून म्हणाले, "बरोबर हाय. पंचायतीत पन तसंच चालतं."

मी एकदा सहज विचारलं, "भाऊ, यातला तुम्ही खेळलात कुठला?"

त्यांनी हातातल्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून दाखवलं. 'खेळाडू: तीन ते सहा.' मग दुसरं पुस्तक. तिथेही तेच.

"खुर्च्या मांडून बगितलं एकट्यानं," ते म्हणाले. "या खुर्चीत योद्धा, त्या खुर्चीत चोर. पन चोर काय करनार, ते योद्ध्याला आदीच म्हाईत असतं, वैनी. दोनदा लोकांना बोलावलं. चहा करून ठेवला. हसाया समदी येतात, बसाया कोन येत नाय."

त्यांच्या पत्नी मालतीबाई गेल्यापासून त्या घरात ते एकटेच आहेत. मी वहीत 'भाऊंकडे खेळायला, रविवार, दुपारी चार' असं लिहून टाकलं. खेळाडू तीन: मी, तुमचे आजोबा आणि दोन घरं पलीकडची शेवंता, जिच्या चार म्हशी तुम्ही मोजल्या होत्या.

रविवारी भाऊंची पडवी धुतलेली होती आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता. रद्दीतल्या पुस्तकांबरोबर फासे येत नाहीत, म्हणून त्यांनी वीस चिंचोक्यांवर आकडे घालून ते बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. खेळ बर्फाची खिंड ओलांडण्याचा होता.

"समोर राक्षस उभा हाय. शेवंता, काय करशील?"

"कोनाचा हाय?"

"कोनाचा म्हंजे?"

"कुठल्या गावचा, आडनाव काय, ते सांग ना रं दादा. उगा कोनाशी वाकडं कशाला घ्यायचं?"

भाऊंनी चार पानं उलटली. पुस्तकात काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "लोधिवलीचा."

"मग माझ्या मावशीकडचा. येऊ दे त्याला."

राक्षस आमच्याबरोबर निघाला. पुढे दोराचा पूल लागला आणि शेवंता मध्यावर असताना तो तुटला. भाऊंनी नियम वाचला: पाचच्या खाली आकडा आला तर मृत्यू, आणि मेलेल्याने उरलेला खेळ बाहेर बसावं.

"मेले तर मोकळी ना मी?" शेवंता उठली. "पाच वाजाया आले. धारा खोळंबल्यात." तिने एक पाय चपलेत घातलासुद्धा. आजोबांनी चष्म्याचं घर शोधायला सुरुवात केली.

भाऊंनी डब्यात हात घालून चिंचोका काढला, पाहिला आणि मूठ मिटली.

"वाचलीस. पदर अडकला फांदीला."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. चिंचोक्यावर दोन होता.

वर्गात चूक दिसली की बोट उठायचं, ती चाळीस वर्षांच्या मास्तरकीची सवय. माझं तोंड उघडलंही होतं. पण भाऊ माझ्याकडे बघतच नव्हते. ते शेवंताच्या चपलेतल्या पायाकडे बघत होते. मी आजोबांकडे चिवड्याची बशी मागितली.

शेवंता क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने पाय काढला, पुन्हा मांडी घातली आणि सुनेला फोन लावला.

"सुनीता, धारा आज तूच काढ गं. मला उशीर हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "कुठं म्हंजे? दरीत लटकले हाय मी."