वाढत्या अंगाची टिप

सासऱ्यांच्या क्यूची टिप बदलावी, असं भाऊंच्या मनात शनिवारी दुपारी साडेतीन वाजता आलं. त्या वेळी त्यांनी नेहमीसारखी डुलकी काढली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भाऊ पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. क्लबच्या स्नूकर स्पर्धेत ते यंदा फायनलला पोचले होते. कसे पोचले, हे त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. (एका प्रतिस्पर्ध्याला कांजिण्या आल्या, दुसऱ्याची बदली झाली आणि तिसऱ्याने जिंकता जिंकता पांढरा बॉल स्वतःच खिशात घातला.) फायनल रविवारी संध्याकाळी पाचला होती, ऑफिसातल्याच स्टोअरकीपरशी.

ही बातमी सासऱ्यांच्या कानावर गेली. सासरे एके काळचे क्लब चॅम्पियन. बावीस वर्षांत त्यांनी जावयाचं एकदाच कौतुक केलं होतं, तेही फोनवर आवाज न ओळखल्यामुळे. ते आपला स्वतःचा क्यू, ती स्नूकर खेळायची काठी, लांबलचक लाकडी पेटीत घालून जातीने घेऊन आले.

"जावईबापू, पस्तीस वर्षं हा कुणाच्या हाती दिला नाही. आज देतोय. उद्या मी पहिल्या रांगेत बसणार."

ते गेल्यावर भाऊंनी क्यू उजेडात धरून पाहिला. टोकाची चामड्याची चकती, म्हणजे टिप, झिजून पातळ आणि दगडासारखी टणक झाली होती. नवी टिप पाहून सासरे विरघळतील, या विचाराने भाऊंना गुदगुल्या झाल्या. ते तडक क्लबच्या मार्करकडे गेले. टेबलं, क्यू आणि गुण सांभाळणारा हा गृहस्थ कुणाची भीडभाड ठेवत नसे.

"उद्या फायनल आणि आज टिप बदलताय?" मार्कर म्हणाला. "नवीन बूट घालून शर्यतीत पळाल का? आणि माझ्याकडे आधीच आठ क्यू पडलेत. मंगळवारी या."

"त्यात काय एवढं?" भाऊ मनात म्हणाले. "एक चकती काढायची, दुसरी डकवायची. बावीस वर्षं पाकिटांवर तिकिटं डकवतोय!"

खेळाच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "सॉफ्ट, मीडियम की हार्ड?"

"मीडियम," भाऊ म्हणाले. शर्टापासून चहातल्या साखरेपर्यंत त्यांचं सगळंच मीडियम होतं.

"साइज? दहा की अकरा मिलिमीटर?"

इथे भाऊ गडबडले. मग घरी कपडे घेताना जे धोरण असतं, तेच त्यांनी इथेही लावलं. "अकरा द्या. वाढत्या अंगाची असलेली बरी."

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन टिपांची पुडी बांधली.

रविवारी सकाळी बायको शिवणयंत्रावर बसली होती. भाऊ दारात उभे राहून म्हणाले, "अगं, टिप घालायचीय. टेबल रिकामं होईल का?"

"आणा इकडे, मीच घालते. कुठे उसवलंय?"

"उसवलं नाही, झिजलीय."

"मग ठिगळच लावावं लागेल. सीटवर का?"

"सीटवर कशाला? टोकाला!"

बायकोने मशीन थांबवलं. "पँटला टोक कुठून आलं?"

"पँट कुठली? मी तुझ्या वडिलांच्या क्यूबद्दल बोलतोय!"

बायको ताडकन उठली. "त्या क्यूला हात लावायचा नाही हं! लहानपणी माझा बॉल शोधायला मी तो पलंगाखाली घातला, तर बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते."

पण भाऊंनी आधीच दाढीच्या ब्लेडने जुनी टिप उडवली होती. आता माघार नव्हती. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन सुपरग्लूची ट्यूब उघडली. 'एक थेंब लावून पाच सेकंद दाबा' असं तिच्यावर लिहिलं होतं. भाऊ सरकारी माणूस. थेंब त्यांनी तीन लावले आणि पाच सेकंदांना मुदतवाढ देऊन एक मिनिट केलं. अंगठ्याने टिप अशी दाबली, की बाजूने गोंद बाहेर आला.

मिनिट संपलं. भाऊंनी हात काढला. हाताबरोबर क्यूही आला.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "सुटत नाहीये."

"काय सुटत नाहीये?"

"अंगठा."

"कशापासून?"

"तुझ्या वडिलांपासून."

बायको धावत आली. मग गरम पाणी झालं, साबण झाला, खोबरेल तेल झालं. तेलाने एवढंच झालं, की सगळा हात निसरडा झाला आणि अंगठा तेवढा जागचा हलला नाही. भाऊंच्या हाताला पावणेपाच फुटांचा क्यू लटकत होता आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

"नेलपॉलिश रिमूव्हर!" बायको एकदम ओरडली. "त्याने निघतं. खाली पार्लरमध्ये असेल. चला!"

लिफ्टमध्ये भाऊ गेले, पण क्यू गेला नाही. दार तीनदा मिटायला आलं आणि तीनदा क्यूला आपटून मागे गेलं. शेवटी चार मजले जिन्याने उतरायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावर वळताना क्यूची मागची बाजू नेमकी एका बेलवर टेकली. निवृत्त शाळामास्तरांनी दार उघडलं.

"कोण हवंय?"

"कुणी नको. वळतोय."

मास्तरांनी चष्मा वर करून क्यूकडे पाहिलं. "मोर्चा आहे वाटतं. झेंडा कुठाय?"

"येतोय मागून," असं म्हणून बायकोने भाऊंना पुढे ढकललं.

पार्लरमध्ये तीन बायका चेहऱ्याला पांढरे लेप लावून डोळे मिटून पडल्या होत्या. पार्लरवाल्या बाई दारातच आडव्या आल्या. "जेन्ट्सना प्रवेश नाही."

"हे जेन्ट्स नाहीत हो," बायको काकुळतीने म्हणाली, "हे आमचे मिस्टर आहेत."

हा खुलासा बाईंना पटला. त्यांनी भाऊंना खुर्चीत बसवलं, क्यू त्यांच्या खांद्याला टेकवला आणि अंगठ्यासकट त्याचं टोक रिमूव्हरच्या वाटीत बुडवलं. शेजारच्या लेपातून आवाज आला, "तुम्ही काय करून घेताय?"

शेजारी पुरुष आहे हे त्या बाईंना दिसत नव्हतं. भाऊंनी होईल तेवढ्या बारीक आवाजात सांगितलं, "टिप काढतेय."

"अगंबाई! मीही मागे नखांना टिप्स लावल्या होत्या. काढताना जीव जातो. धीर धर हं."

भाऊंनी धीर धरला. वीस मिनिटांनी अंगठा सुटला. टिपही सुटली, पण भिजून भिजून तिचा पार लगदा झाला होता. भाऊंच्या डोळ्यांपुढे पहिल्या रांगेतले सासरे उभे राहिले. खिशातल्या पुडीत दुसरी टिप होती, पण बधिर झालेल्या अंगठ्याने पुडीही उघडेना.

"ही टिप बसवायचीय होय?" पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. "मग आधी नाही का सांगायचं! मी दिवसाला चाळीस टिपा बसवते."

त्यांनी क्यू काढून घेतला. स्पिरिटने टोक पुसलं, घासून सपाट केलं, एकच थेंब लावला आणि टिप ठेवली. "माप चुकलंय. नखापेक्षा टिप मोठी कोण आणतं?" असं पुटपुटत त्यांनी बाजूचं चामडं छाटलं, टिप वरून कानशीने गोल केली आणि कापसाने पुसून चकचकीत केली.

"रंग लावू?"

"नको!" भाऊ आणि बायको एकदम ओरडले.

"बरं, ट्रान्सपरंट तरी?"

संध्याकाळी पाचला भाऊ टेबलापाशी उभे राहिले. अंगठ्याला कसलीच जाणीव नव्हती, पण क्यू लोण्यासारखा चालत होता. एरवी भाऊंचा बॉल भलत्याच दिशेने जायचा, तो आज सांगितलेल्या खिशात जात होता. शेवटी फक्त काळा बॉल उरला. सासरे खुर्चीतून पुढे सरकले. भाऊंनी श्वास रोखून फटका मारला. काळा सुरेख खिशात गेला. त्याच्यामागोमाग पांढराही तितक्याच सुरेख रीतीने गेला.

पांढरा गेला की डाव गेला; स्टोअरकीपरला कप मिळाला. सासरे उठून आले, पण भाऊंकडे न बघता त्यांनी क्यू हातात घेतला आणि टोक डोळ्यांजवळ नेलं. मग बोटाने टिपेची कड चाचपली.

"वा!" ते म्हणाले. "काय ही गोलाई! पस्तीस वर्षांत अशी टिप पाहिली नाही. कुणाच्या हातची?"

बायकोने तोंड उघडलं, पण भाऊंनी घाई केली. "मी बसवली."

सासऱ्यांनी चक्क त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊंना कप गेल्याचं दुःखच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पुन्हा दारात हजर. या वेळी काखेत सहा क्यूंचा भारा.

"आमच्या जुन्या मंडळींचे आहेत. तुमचं नाव सांगितलं, तर सगळे मागेच लागले. रोज एक केलात तरी रविवारपर्यंत सहज होतील. फक्त नजरेआड करू नका, जीव अडकलाय एकेकाचा!"

म्हणून भाऊ रोज ऑफिस सुटल्यावर एक क्यू घेऊन पार्लरमध्ये जाऊ लागले. पार्लरवाल्या बाई टिप आनंदाने बसवत, पण त्यांची एक अट होती. खुर्च्या चारच, त्यामुळे बसायचं तर काहीतरी करून घ्यावंच लागेल. सोमवारी भाऊंनी हाताची नखं करून घेतली. मंगळवारी पायांची. बुधवारी लेप लावला. (त्यात त्यांना फार छान झोप लागली, पण ते त्यांनी घरी सांगितलं नाही.) गुरुवारी नाकावरचे काळे ठिपके निघाले आणि शुक्रवारी डोक्यावर उरलेल्या केसांना वाफ मिळाली. शनिवारी करण्यासारखं काहीच उरलं नाही. बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ रोखून पाहिलं आणि दोऱ्याचं रीळ काढलं.

रविवारी सासरे आपली सगळी मित्रमंडळी घेऊन आले. एकेक क्यू हातोहात फिरला. कुणी "शाब्बास" म्हणालं, कुणी "असा जावई मिळायला भाग्य लागतं" म्हणालं. भाऊ नम्रपणे मान खाली घालून उभे होते. सासऱ्यांनी शेवटचा क्यू भाऱ्यात ठेवला, चष्मा पुसला आणि भाऊंच्या अगदी जवळ येऊन त्यांचा चेहरा निरखून पाहिला.

"टिपा उत्तमच," ते म्हणाले. "पण जावईबापू, भुवयाही तुम्हीच कोरल्यात का?"