जास्वंदाची कढी

धम्मदीपाच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय एकही फुलझाड अंगणात येऊ शकत नव्हतं. प्रश्न एकच असायचा: अश्वजितनं तोंडात घातलं तर? दीड वर्षाच्या या लेकानं चप्पल, खडू आणि आजोबांचा चष्मा आधीच चाखून पाहिला होता. कण्हेर नापास, घाणेरी नापास. जास्वंद, गुलाब, मोगरा तेवढे वरच्या वर्गात गेले. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतल्याचं एवढं सार्थक अख्ख्या कारंजा गावात कुणी केलं नसेल, असं तिचं स्वतःचं मत होतं.

मग जास्वंदावर माव्याची कीड पडली आणि गुलाबावर भुरीची बुरशी.

"वावरातली दवाई आणून देऊ का?" सासरे दौलतराव म्हणाले. "कपाशीवरची हाय, एका फवारणीत साफ."

"नको बाबा. हा पानं ओरबाडून खाऊन राह्यला. विषाचा थेंब घरात नाही आला पायजे."

तिनं ताक चार दिवस आंबवलं. त्यात हळद, हिंग घातला, लसूण-मिरची वाटून टाकली आणि पातेलं ओट्यावर झाकून फवारणीची बाटली आणायला उपाशीपोटीच बाजारात गेली. ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं.

तेवढ्यात दौलतरावांचे दोस्त मारोतराव धनजहून जेवणवेळेच्या बरेच आधी येऊन टपकले. सासू भागिरथाबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला.

"सूनबाई फोडनी देयाले इसरली वाट्टे," म्हणत त्यांनी बेसन लावलं, मीठ टाकलं आणि कढीपत्त्याची खमंग फोडणी दिली.

धम्मदीपा परतली तेव्हा दोन्ही म्हातारे भुरके मारत होते आणि आजीच्या मांडीवर अश्वजित कोपरापर्यंत पिवळा झाला होता.

"आई, हे कोणतं पातेलं?"

"ओट्यावरचं. काहून?"

"ते फवारणीचं होतं."

कपाशी पिकवणाऱ्या माणसासमोर जेवताना हा शब्द काढायचा नसतो. मारोतरावांची वाटी हवेतच थांबली. दौलतरावांना आधी चक्कर आली, मग पोटात दुखलं, मग घशाला कोरड पडली. पातेल्यात काय होतं हे धम्मदीपाला ठाऊक होतं, पण तिला दिसत होतं फक्त लेकाचं पिवळं तोंड. मावा मरतो म्हणतात याच्यानं, आणि हा तर एवढासा. ती त्याला उचलून अनवाणीच ऑटोत बसली. मागून पोटं धरलेले दोघं आणि हातात पळी घेतलेल्या भागिरथाबाई.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"फवारणी पेलो," म्हणून मारोतराव आपणहून खाटेवर आडवे झाले.

"औषधाचं नाव? डबा आणलाय?"

"डबा नाही, पातेलं होतं," धम्मदीपा धापा टाकत म्हणाली. "ताक. हळद, हिंग, लसूण, मिरची."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बेसन?"

"ते म्या लावलं," भागिरथाबाई म्हणाल्या. "फोडनीबी मीच देल्ली."

डॉक्टरांनी अश्वजितला तपासलं. तो स्टेथोस्कोपची नळी चावत होता. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. त्याबरोबर दौलतरावांची चक्करही थांबली.

"एक सलाईन लावाच," मारोतराव पडल्या पडल्या म्हणाले. "आलोच हाओ तं."

"उठा तुम्ही." डॉक्टर धम्मदीपाकडे वळले. ती घामानं निथळत होती. "ताई, तुम्ही ही कढी किती खाल्ली?"

"मी? थेंबही नाही. सकाळपासून काहीच..." एवढं बोलून ती मारोतरावांनी रिकाम्या केलेल्या खाटेवर कोसळली.

त्या दिवशी सलाईन लागलं ते तिला एकटीलाच. अर्ध्या तासानं डोळे उघडले तर उशाशी भागिरथाबाई, खांद्यावर गाढ झोपलेला अश्वजित.

"उपाशी फिरून राह्यली येड्यावानी," त्या तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या. "भेऊ नको. तुह्यासाठी वाटीभर झाकून ठेवली हाय."