सालींचं माहेरपण

तान्ह्या परीच्या पिण्याच्या पाण्याच्या माठात घातलेल्या केळ्याच्या सालींनी मंगळवारी सकाळी हर्षालीकडे माहेरपण मागितलं.

मागणं गैर नव्हतं. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीमुळे गावच्या विहिरीत शिसं उतरलं होतं. ते पाण्यातून ओढून स्वतःच्या अंगावर घ्यायचं काम या वाळवलेल्या साली दिवाळीपासून बिनतक्रार करत होत्या.

"आता अंगावर जागाच उरली नाही, वहिनी," थोरली साल म्हणाली. "चार दिवस केळीच्या बागेत पाठवा."

हर्षालीनं माठात डोकावून पाहिलं. परी आत्ता कुठे वाटीनं पाणी प्यायला लागली होती.

"शिसं घेऊन बागेत जाल? तिथली केळी माणसं खातात."

"मग ते इथंच माठात उतरवून जातो."

"आणि माझ्या लेकीनं काय प्यायचं?"

 परीचा लळा सालींनाही लागला होता.

"तुझ्यासारख्याच आहेत," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "पाठवलं नाही तर तोंड फुगवून काम करतील. जिचं माहेर लांब, तिचं माहेरपण शेजारीण करते. तू कर की."

हर्षालीनं मग घरातच माहेर मांडलं. सालींना बरणीत लिंबाच्या रसाचं न्हाणं घातलं. आंबटात शिसं अंग सोडतं, हे थोरलीनंच सांगितलं होतं. नंतर साध्या पाण्यानं धुऊन, सुपात निजवून त्यांची ओटी भरली. तोवर परीला नुसतं अंगावरचं दूध.

बरणीत शिसं तेवढं उरलं. ते म्हणालं, "माहेर मलाही आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. हर्षालीनं बरणीला घट्ट झाकण लावलं आणि भट्टीवर गेली.

"आम्ही बोलावलं नव्हतं," भट्टीचे मुनीम म्हणाले.

"लेकराला घरी यायला बोलावणं लागतं का, काका?"

मुनीम विचारात पडले. त्यांच्याही दोन लेकी न कळवताच यायच्या. ते उठले, बरणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बरणी आत घेतली.

"न्यायला कधी येता?"

"आम्ही नांदवणार नाही त्याला," हर्षाली म्हणाली.

मुनिमांनी मान डोलावली. आत फळीवर त्यांनी बरणीसाठी जागा केली.

शनिवारी साली माठात रुजू झाल्या. हर्षालीनं एक रात्र थांबून पाणी काढलं, आधी स्वतः घोट घेतला, जरा वेळ वाट पाहिली, मग वाटी परीच्या ओठांना लावली. परी घटाघटा पिऊ लागली.

"सावकाश पाजा," माठातून थोरली म्हणाली, "ठसका लागेल."

हर्षालीनं वाटी जरा खाली घेतली.