मुक्तद्वार दौलतीत आकड्यांची तक्रार निकाली निघाली त्याची हकीकत

श्रीगजवदन, जे थोर कान पसरोन लहानथोरांचे गाऱ्हाणे ऐकतात, त्यांस नमन करोन लिहितो ऐसे जे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिकमासी, मुक्तद्वार दौलतीत वर्तमान वर्तले. ही दौलत म्हणजे मुलूख नव्हे, किल्ले नव्हेत. अंधांस फोनावरील अक्षरे मोठ्याने वाचोन दाखवणारा 'वाचक' नामे एक प्रोग्राम. त्याचा कोड सर्वांस उघडा, कोणीही यावे, चूक दिसेल ती दुरुस्त करोन अर्ज द्यावा, दरबाराने तपासोन मूळ कोडात मिळवावी, मग ती सर्वांचे फोनांत आपोआप पोहोचावी, ऐसी मोठ्या डौलाची पाटी वेशीवर लाविली होती. दरबारी बहुत, एकमेकांचे तोंड कोणी पाहिले नाही, परंतु मान ज्याचा त्यास तोंडपाठ.

तेव्हां कृष्णाकाठी मंजिरीबाई गुळवणी म्हणोन कोड लिहिणाऱ्या बाई होत्या. त्यांचे तीर्थरूप तात्या काचबिंदूने दृष्टी गमावोन बसले होते आणि वाचक तोच त्यांचा डोळा. परंतु त्यास खोड ऐसी की मराठी आकडा आला की गिळावा आणि पुढे चालावे. डॉक्टरांनी लिहोन पाठविले, "सकाळी २ गोळ्या, रात्री १." वाचक वदला, "सकाळी गोळ्या, रात्री." तात्यांनी अदमासे घेतल्या आणि चक्कर येवोन मोरीत पडले. मग बाईंनी कोड उघडिला, चूक हुडकिली, थोडक्या ओळींत दुरुस्त केली आणि ती प्रत तात्यांचे फोनात घातली. परंतु दरबाराची नवी आवृत्ती येतांच दुरुस्ती पुसली जाई आणि खोड परते. सबब मूळ कोडातच दुरुस्ती मिळविल्यावाचोन गत्यंतर नाही ऐसे जाणोन बाईंनी दरबारी आकड्यांची तक्रार नोंदविली, तिजवर दुरुस्तीचा अर्ज केला, आणि जातां जातां मदतपानावरील एक मोडका दुवाही नीट करोन त्याच अर्जात घातला. चांगुलपणा नडतो तो ऐसा.

अर्ज दाखल होतांच वेशीवरील यांत्रिक चोपदाराने अडविले. त्यास जीव नाही, परंतु तोरा आहे. "ओळ रुंद आहे," म्हणाला. बाईंनी ओळ अरुंद केली. मग पोतनीस म्हणोन दरबारी होते ते वदले, "बाई, ओळीचे आरंभी चार मोकळ्या जागा कशास? आम्ही दोन सोडतो." बाईंनी दोन केल्या. तोच दुसरे दरबारी कारखानीस उठले, "चारच असाव्या, ऐसे आमचे मत पूर्वीपासोन आहे." आणि दोघांची जी जुंपली, ती पाहावयास सारा दरबार लोटला, आणि एक दोनच्या बाजूस, एक चारच्या बाजूस, एक म्हणे मोकळी जागाच नसावी, आणि शब्दाने शब्द वाढोन बहुत रणकंदन जाहले. आकडे वाचिले जातात की नाही हे एकाही माईच्या लालाने चालवोन पाहिले नाही. रोग रेड्यास आणि औषध पखालीस.

मग मुख्य रखवालदार निरंजनपंत, जे सणावारी जागे होतात, ते जागे जाहले आणि लिहिते जाहले, "बाई, आपला उत्साह स्तुत्य आहे. परंतु एका अर्जात एकच काम, ऐसा नेम. आपण दोन केली. फोड करावी."

बाईंनी विनविले, "पंत, दुव्याचे राहो. आकड्यांचे आधी पाहावे. माझे वडील गोळ्या चुकतात."

"भावना पोहोचली," पंत वदले. "नेम सर्वांस सारखा."

बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि फोड केली. दुव्याचा एक अर्ज, आकड्यांचा एक, दोहींवर मूळ तक्रारीचा हवाला. दुवा तपासावयास अक्कल लागत नाही, सबब तो तात्काळ मंजूर जाहला आणि सर्वांनी अंगठे वर केले. आकड्यांचा अर्ज वाचावा लागे, सबब कोणी वाचिला नाही. बाईंनी आठवण दिली, पुन्हा दिली, दरबार ढिम्म. शेवटी चोपदार आला आणि पुकारिता जाहला, "अर्जात हालचाल नाही. शिळा जाहला, सबब बंद." हालचाल करावयाची दरबाराने, आणि शिळा जाहला अर्ज बाईंचा! तिकडे दुवा मंजूर जाहला म्हणोन मूळ तक्रारीवर 'निकाली' ऐसा शिक्काही आपोआप पडला. बाईंनी संतापोन पुसले, "तक्रार निकाली कैसी?" पंत उत्तरले, "अर्ज मंजूर जाहला ना? अभिनंदन."

मग नवी आवृत्ती निघाली, आणि दरबाराने आपली पाठ आपणच थोपटिली, आणि नव्या मानकऱ्यांत मंजिरीबाईंचे नाव झळकले. ती आवृत्ती तात्यांचे फोनात उतरली. तात्यांनी कान देवोन सगळे ऐकिले आणि लेकीस हाक मारिली.

"मंजे, तुझं नाव त्यानं स्वच्छ वाचलं बघ, आडनावासकट. लई बरं वाटलं." मग हातातली डबी पुढे करोन म्हणाले, "आता एवढं सांग, सकाळी किती घ्यायच्या?"

बाईंस रडे कोसळले. दोन गोळ्या काढोन त्यांनी तात्यांचे तळहातावर ठेविल्या.

सारांश, दौलत मुक्तद्वार, दरबार नेमनिष्ठ, तक्रार शिल्लक नाही. जैसे वर्तले तैसे लिहिले.