एक टिक, चौदा माफ्या

भिंतीवरचं घड्याळ. तेरा दिवसांपासून सव्वाचारवर थांबलेलं.

एक मूल, जांभई देताना. पडजीभ दिसेल इतकी.

एका बाईंचं चित्र. बाईंना मिशा आहेत.

लोखंडी कपाटात, चादरींच्या घडीखाली, बंद करून ठेवलेला मोबाइल.

एक टिक. करडी.

समुद्रापलीकडे कुठेतरी मावळणारा सूर्य.

ओळीने सांगायचं तर सुरुवात शुक्रवारी दुपारी चारला झाली. बालवाडीच्या छोट्या बाईंनी समुद्रापलीकडच्या एका ज्यू बालवाडीला तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. महिनाभरापासून दर सोमवारी दहा वाजता दोन्हीकडची मुलं पडद्यावर भेटत होती. हात हलवायची, बाहुल्या दाखवायची, एकमेकांना वेडावायची. दोन्हीकडच्या बाईंनी आपसात बोलायला एक तिसरीच भाषा तयार केली होती. तीत क्रियापदं कमी आणि मोबाइलवरचे लाल बदाम जास्त. पलीकडून उत्तर सात मिनिटांच्या आत यायचं, बदामांसकट.

त्या दिवशी पाच वाजले तरी उत्तर आलं नाही. दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. छोट्या बाईंना मात्र ते जमलं नाही, आणि त्याचं कारण होतं गप्पू.

गप्पू हे नाव मुलांनीच ठेवलेलं. घरी तो बोलायचा. शाळेत पाच महिन्यांत त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. मग पडदा आला आणि पडद्यावर लाल चष्मा घातलेली एक मुलगी आली. तिच्याशी तो बोलायचा, फक्त तिच्याशी. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गप्पूच्या आईला सांगून ठेवलं होतं, "सत्र संपेपर्यंत बघू. वर्गात बोलला तर ठीक, नाहीतर त्याच्यासाठी वेगळी शाळा शोधा." सत्र संपायला तीन आठवडे उरले होते. हा सोमवारचा धागा तुटला तर गप्पू पुन्हा मिटणार, हे छोट्या बाईंना लख्ख दिसत होतं.

"एकच टिक आहे," त्या घरी आल्या आल्या म्हणाल्या.

"म्हणजे पोचलाच नाही," नवरा म्हणाला. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून तो ताजातवाना होऊन घरी येई.

"म्हणजे त्यांनी मला ब्लॉक केलं. व्हिडिओत काहीतरी लागलं असेल त्यांना."

"पण पोचलाच नाही तर..."

"आधी व्हिडिओ बघा."

त्याने व्हिडिओ पाहिला. मग कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा पाहिला. "सेकंद एक्केचाळीस. मूल त्यांच्या तोंडावर जांभई देतंय."

"अहो, ते चार वर्षांचं आहे."

"मी फक्त खूण करतोय. ठेवायचं की काढायचं ते लेखकाने ठरवावं. एक मिनिट बारा, मागचं घड्याळ बंद आहे."

सासूबाईंनीही चष्मा पुसून व्हिडिओ पाहिला. "मला तर गोड वाटला. ही मिशीवाली कोण गं?"

"त्यांच्या बाई. मुलांनी चित्र काढलंय."

"त्यांना मिशी आहे?"

"नाही."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

पहिली माफी जेवणाआधी गेली, जांभईची. दुसरी जेवताना, मिशांची: ती मिशी नसून रंगाचा ओघळ आहे. तिसरी लगेच: ओघळ म्हणजे तुमच्या चेहऱ्यावर काही ओघळलंय असं म्हणायचं नव्हतं. शनिवारी सकाळी उठल्याबरोबर चौथी गेली, घड्याळाची. आमच्या शाळेत वेळेला मान आहे, असं तीत होतं आणि सोबत चालू असलेल्या दुसऱ्या घड्याळाचा फोटो. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. पाचवी माफी त्याची.

प्रत्येकीला एकच टिक.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. गप्पू आल्या आल्या बाईंची बाही ओढून कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट दाखवू लागला.

"सोमवारी हं," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना खोटा वाटला.

गप्पू काळ्या पडद्यासमोर जाऊन बसला तो सुट्टी होईपर्यंत उठला नाही. फाटकाशी त्याची आई म्हणाली, "कालपासून त्या चष्मेवालीला काहीतरी दाखवायचं म्हणतोय. काय ते आम्हाला सांगत नाही. सोमवारी आहे ना नक्की?"

"म्हणजे काय, आहे तर," बाई म्हणाल्या आणि सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नऊ माफ्या गेल्या असं ऐकल्यावर त्यांनी कपाटातून शाळेचं नाव छापलेला कागद काढला. "अशी कामं मोबाइलवर होत नसतात. मी लिहिते. वजन पडेल."

पत्र दोन ओळींचं होतं. आमच्याकडून जे घडलं त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे. सही, शिक्का. फोटो काढून ते पलीकडच्या शाळेला ई-मेलने गेलं.

"काय घडलं ते लिहिलं नाही तुम्ही," छोट्या बाई म्हणाल्या.

"त्यांना माहीत असेलच. आपण होऊन कशाला सांगा?"

आता मात्र छोट्या बाईंची खात्रीच पटली. नुसत्या जांभईसाठी कोणी शिक्का मारत नाही. काहीतरी मोठंच घडलं असणार. घरी पोचेपर्यंत आणखी पाच माफ्या गेल्या. चौदावी होती आधीच्या तेरांनी त्रास दिल्याबद्दल.

"फोन बंद असेल त्यांचा," नवरा म्हणाला.

"कालपासून? सांगा मला, दिवसभर फोन बंद कोण ठेवतं?"

तीन वाजता त्या पंधरावी लिहायला बसल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी मोबाइल बंद करून नवऱ्यापुढे धरला. "कपाटात ठेवा. किल्ली तुमच्याकडे. सोमवारपर्यंत मागितला तरी देऊ नका."

रविवारी त्यांनी दोनदा मागितला. त्याने दिला नाही. तिसऱ्यांदा मागण्याआधीच त्यांना डुलकी लागली आणि त्या चार तास झोपल्या. अशी झोप लग्नानंतर पहिल्यांदाच, असं सासूबाईंचं मत पडलं.

सोमवारी सकाळी कपाट उघडलं. मोबाइल चालू केला तसा तो हातात वळवळायला लागला. तेवीस संदेश.

पहिला शनिवारी संध्याकाळचा. आमचा शब्बाथ होता, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्या घरी फोनला कुणी हात लावत नाही. तुमचे चार वाजतात तेव्हा इथे सूर्य मावळलेला असतो. व्हिडिओ फार आवडला. जांभई सर्वांत जास्त. मिशा मला शोभतात. पुढे सात बदाम.

दुसरा तासाभराने. मिळाला ना संदेश?

तिसरा. मिशांची थट्टा केली म्हणून राग आला का?

चौथा, पाचवा, सहावा रविवारी सकाळचे. शोभतात म्हणजे तुमच्या मुलांची कला मोठी, असं म्हणायचं होतं. अकराव्यात बदामांची माफी होती; काही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होत असेल तर. एकोणिसाव्यात एकाही बदामाविना फक्त एवढंच, की आमची एक मुलगी सोमवारची वाट पाहतेय, तिच्यासाठी तरी.

छोट्या बाईंनी मोबाइल खाली ठेवला. "महिनाभर आपण त्यांना आवडता रंग विचारला, आवडता प्राणी विचारला. शनिवारी काय करता, हे काही सुचलं नाही."

"राहून गेलेला मजकूर," नवरा म्हणाला. "तो सापडणं सगळ्यात अवघड."

शाळेत मोठ्या बाई कागद घेऊन दारातच उभ्या होत्या. पलीकडच्या मुख्याध्यापकांचं पत्र आलं होतं, शिक्क्यासकट. आमच्याकडून जे घडलं त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे.

"काय घडलं त्यांच्याकडून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"लिहिलंय म्हणजे घडलंच असणार. असू दे. आपण मन मोठं करू."

दहा वाजता पडदा उजळला. इकडे दोन बाई हात जोडून, तिकडे एक बाई आणि एक मुख्याध्यापक छातीवर हात ठेवून. चौघेही एकदम बोलू लागले, एकदम थांबले, पुन्हा एकदम बोलू लागले. मोठ्या बाईंनी मन मोठं केल्याचं वाचायला घेतलं. तिकडच्यांनीही एक कागद उलगडला.

गप्पू मोठ्या बाईंच्या कोपराखालून पुढे घुसला. त्याने पडद्याला नाक लावलं, तोंड उघडलं आणि खालचा एक दात जिभेने हलवून दाखवला. "हलतोय. शुक्रवारपासून."

लाल चष्मा दोन मुख्याध्यापकांच्या वाचनातून वाट काढत जवळ आला. तिनेही तोंड उघडलं. तिचे दोन दात पडलेलेच होते. गप्पू बघत राहिला. मग तो मागे वळला, जांभई देणाऱ्या मुलापाशी गेला आणि त्याच्या हनुवटीला हात लावून म्हणाला, "तुझे दाखव. हलतात का?"

मोठ्या बाई वाचता वाचता थांबल्या. कागद हळूच खाली आला.

पहिल्या सोमवारी, गप्पू पडद्यासमोर पहिल्यांदा बोलला तेव्हा, इकडचा माइक बंद होता; तरी लाल चष्म्यातली मुलगी चार मिनिटं मान डोलावत होती.