आगाशेबाईंचे शेरे

आगाशेबाई इंटरनेटवर जाताना चपला काढत. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत धुळीमुळे सगळेच काढायचे, पण बाईंचं कारण वेगळं होतं. “अहो, दुसऱ्याच्या घरात चाललोय आपण!”

पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी आयटी होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या हडपसरच्या कॉलेजलाही आभासी ग्रंथालयाचं वेड लागलं. म्हणजे काय, तर मुलांच्या उपयोगाच्या साइट शोधायच्या, विषयवार लावायच्या आणि प्रत्येकीपुढे छोटासा शेरा लिहायचा. हे काम ग्रंथपाल म्हणून बाईंकडे आलं आणि मी त्यांच्या मदतीला.

मी डझनावारी साइट उरकल्या असत्या. बाई दिवसाला जेमतेम दोन करत, कारण शेवटच्या पानापर्यंत वाचत. “स्थळ न बघता मुलगी देता का तुम्ही? मग पोरांना कुठेही कसं पाठवता?” शेरे अस्सल पेठी. ‘माहिती बरी. चित्रं विनाकारण नाचतात.’ ‘एक ते चार उघडत नाही. मालक पुण्याचे असावेत.’ एका बड्या विद्यापीठापुढे नुसतंच, ‘बसा म्हणत नाहीत.’

अभिप्रायाचं पान दिसलं की नावानिशी काहीतरी लिहिल्याशिवाय त्या परतत नसत. कुणाकडे जाऊन तोंड न उघडता यायचं, हे त्यांना पटत नसे.

जवळच्या मांजरी गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी शेतातल्या पक्ष्यांवर साइट केली होती. हिरव्यावर पिवळी अक्षरं, फोटो धूसर. बाई तिथे रोज सकाळी डोकावत आणि लिहीत, ‘सुगरणीचा फोटो हलला आहे. पुन्हा काढावा.’ मास्तर बिचारे पुन्हा काढत.

मग बाई तापाने पडल्या. त्या रजेवर असतानाच प्राचार्यांनी यादी चाळली आणि मला फर्मावलं, “ती मांजरीची साइट उडवा. तपासणीला समिती यायचीय. कोण कुत्रं जातं तिथे?” बाई जातात, हे सांगायची माझी छाती झाली नाही. आणि बाईंना न विचारता साइट उडवायचीही झाली नाही.

बाई परतल्या त्या अगदी काडी होऊन. बुधवार पेठेत दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. तापात पेजसुद्धा स्वतःच करून प्यायल्या होत्या. मी चाचरत फर्मान सांगितलं. आता प्राचार्यांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. मास्तरांना सांगून तरी येते.”

चपला काढून त्या बसल्या, मोडेमचं किंचाळणं संपेपर्यंत थांबल्या आणि अभिप्रायाचं पान उघडलं. तिथे मास्तरांनी लिहिलं होतं, ‘आगाशेबाई, आठवडा झाला, आला नाहीत. तब्येत बरी आहे ना? घरी कोणी बघायला आहे ना?’

बाईंनी पदराने चष्मा पुसला. निदान चष्माच पुसला, असं मी धरून चाललो.

“प्राचार्यांना सांगा, ही साइट राहील.”

“का म्हणून विचारलं तर?”

“शेरा वाचा म्हणावं.”

आणि ‘फोटो धूसर’ हा जुना शेरा पुसून त्यांनी एकेक अक्षर शोधत नवा लिहिला: ‘जरूर जावे. चौकशी करतात.’