सोन्याचे उसासे

बायको नव्या यंत्राला ‘सोन्या’ म्हणाली आणि जुन्या यंत्राच्या तंत्रज्ञाच्या हातातला पाना खाली पडला. लग्नापासून सोन्या तो स्वतः होता. मधल्या काळात त्याचा नुसता ‘अरे’ झाला होता, हे खरं. पण जागा रिकामी असल्याची जाहिरात कोणी दिली नव्हती.

दोघंही एकाच प्रयोगशाळेत. हवेत नावापुरते असलेले वायू मोजायचे, हा धंदा. जुनं यंत्र त्याच्याकडे, नवं तिच्याकडे. साहेबांनी गच्चीवरून एकच नळी आणून दोन्ही यंत्रांच्या तोंडी दिली होती. आकडे जुळले तर दोन्ही राहणार. नाही जुळले तर जुनं अडगळीत आणि तंत्रज्ञ आवक-जावक विभागात.

आकडे जुळेनात. हवा इतकी स्वच्छ, की दोन्ही यंत्रं आपापल्या मनाचं काहीतरी गिरगटत होती.

“तुझं म्हातारं बरळतंय,” बायको म्हणाली आणि नव्याच्या पाठीवरून हात फिरवत पुढे म्हणाली, “माझा सोन्या बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय!”

“पंखा घरघरतोय त्याचा.”

“घोरत तर नाही ना?”

त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. रात्री “भूक नाही” म्हणून पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही डबा तसाच. बायकोने एकदा विचारलं असतं तर तो लगेच जेवला असता. पण ती सोन्याचा फिल्टर बदलत होती.

शेवटी “नळी बघून येतो” म्हणून तो गच्चीवर गेला आणि नळीच्या तोंडाशीच उभा राहून त्याने पोटातून एक उसासा सोडला. बरं वाटलं. मग तो सारखाच नळी बघायला जाऊ लागला.

खाली हलकल्लोळ. दोन्ही पडद्यांवर एकदम उंच सुळके!

“ॲसिटोन!” साहेब ओरडले. “नेलपॉलिश पुसतात ते! गच्चीवर आलं कुठून?”

टंकलेखिकाबाईंची नखं तपासण्यात आली. बाहेरची भिंत रंगवणाऱ्याला शिडीवरून उतरवलं.

“अहो साहेब, पाण्यातला रंग आहे हा! पाहिजे तर चाटून दाखवतो!”

साहेबांनी तंत्रज्ञाला बोलावलं. “तुमचं गच्चीवर जाणं-येणं असतंच. तिथेच बसा आणि लक्ष ठेवा.”

तो नळीला टेकून लक्ष ठेवत बसला. ॲसिटोन दुप्पट झालं.

बायकोने पडद्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डब्याकडे. पोट रिकामं राहिलं की श्वासातून ॲसिटोन येतं, हे तिला शिक्षणामुळे ठाऊक होतं, बाकीचं संसारामुळे. डबा घेऊन ती जिना चढली.

“खा.”

“भूक नाही मला.”

“खोटं बोलू नकोस. खाली दोन-दोन यंत्रांवर उमटतेय तुझी भूक.”

तो जेवला. सुळके विरले.

“गळती थांबली!” साहेब खुशीत म्हणाले. “आणि बघा, एकूण एक सुळका दोन्हींकडे सारखा! एवढं ठसठशीत काही मिळालं नसतं तर जुळवणार काय होतो? जुनं यंत्र राहतंय. अहवालात गळतीचं कारण काय लिहू?”

“घरगुती,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाज आला, “सोन्या, डबा खाल्लास का?”

तंत्रज्ञाने आधी वळून नव्या यंत्राकडे पाहिलं. ते डबा खात नाही, याची नीट खात्री करून घेतली आणि मगच तो म्हणाला, “हो.”